पोक, कुबड की वशिंड?

मानेच्या मुळाशी, जिथे सदऱ्याची कॉलर किंवा ब्लाउजचा मागचा गळा येतो, तिथे उंचवटा दिसू लागला की घरात बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. मुलगा किंवा मुलगी तरुण असेल तर मोबाइलवरून बोलणी बसतात. आजी-आजोबा असतील तर 'वयाप्रमाणे व्हायचेच' म्हणून विषय संपतो. दोन्ही उत्तरे काही वेळा बरोबर असतात. पण काही वेळा त्यांच्याआड मणक्याचा क्षय, ठिसूळ हाडांचे मोडणे किंवा औषधाच्या पुडीतून पोटात जाणारे स्टेरॉइड महिनोन्‌महिने लपून राहते.

मराठीत या उंचवट्याला तीन शब्द आहेत. खांदे पुढे पाडून, मान पुढे काढून चालणाऱ्याला 'पोक काढून चालतो' म्हणतात. हाडच वाकले असेल तर ते कुबड. आणि बैलाच्या खांद्यावर असते ते मांसल वशिंड. वैद्यकशास्त्रही मानेमागच्या उंचवट्याची ढोबळ वाटणी अशीच करते: सवयीने वाकलेली मान, हाडांतला बदल आणि चरबीचा गोळा. तिन्हींची कारणे वेगळी आणि उपाय वेगळे. पोकाला चालणारा व्यायाम कुबडाला इजा करू शकतो आणि वशिंडावर कोणत्याच व्यायामाचा थेट उपयोग नसतो. म्हणून 'हे कसे घालवायचे' हा प्रश्न नंतरचा. 'हे नेमके काय आहे' हा पहिला.

आधी हात लावून पाहा

मान पुढे झुकवली की तिच्या मुळाशी एक हाड बोटाला टोचते. तो मानेचा सातवा, शेवटचा मणका. तो सगळ्यांनाच लागतो. सडपातळ माणसात तो दिसतोही. त्याला आजार समजण्याचे कारण नाही. त्यापलीकडचा उंचवटा असेल, तर घरच्या माणसाच्या मदतीने तीन साध्या गोष्टी करता येतात.

पहिली, उंचवटा बोटांनी दाबून पाहणे. मऊ, चिमटीत धरता येणारा गोळा असेल तर चरबीचा संशय. कडक आणि हाडासारखा लागला तर मणक्यांचा विचार. एकाच बाजूला, त्वचेखाली सरकणारी गाठ असेल तर ती निराळीच गोष्ट, ती शल्यचिकित्सकांना दाखवावी.

दुसरी, उशी न घेता सपाट जमिनीवर उताणे झोपणे. डोके आरामात टेकले, हनुवटी आढ्याकडे उचलली गेली नाही, तर वाक लवचिक आहे, म्हणजे तो बऱ्याच अंशी सवयीचा आहे. डोके अधांतरी राहत असेल तर वाक पक्का होत चालला आहे.

तिसरी, टाचा, पार्श्वभाग आणि पाठ भिंतीला टेकवून सरळ उभे राहणे. हनुवटी न उचलता डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकायला हवी. ज्येष्ठ माणसात ती टेकत नसेल तर पाठीचा एखादा मणका दबून मोडला असण्याची शक्यता डॉक्टर गृहीत धरतात. अशीच दुसरी खूण कमरेजवळ मिळते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामध्ये दोन बोटे मावत नसतील, तर उंची मणक्यांतून घटली आहे असे समजतात.

या चाचण्यांनी निदान होत नाही. कोणत्या दाराने आत जायचे, एवढे कळते.

पोक: डोळे कामाकडे जातात, मान त्यांच्यामागे

माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोंचे असते. ते खांद्यांच्या बरोबर वर असेल तर मणके ते सहज पेलतात. पुढे गेले की मानेच्या मागच्या स्नायूंना ते दिवसभर ओढून धरावे लागते. मानेचा खालचा भाग पुढे झुकतो, पाठीचा वरचा भाग गोल होतो आणि नजर समोर राहावी म्हणून मानेचा अगदी वरचा भाग उलट मागे वळतो. छातीचे स्नायू आखडतात. गळ्याच्या आतले, मान सावरणारे स्नायू दुबळे होतात. यातून खांद्यांत जडपणा येतो, डोक्याच्या मागून सुरू होणारी डोकेदुखी होते आणि मानेमागे तो उंचवटा दिसू लागतो.

हे मोबाइलने शोधून काढलेले दुखणे नाही. हुपरीत आणि आसपासच्या गावांत घराघरांत पैंजण आणि घुंगरू घडवणारे हात मांडी घालून, नाक कामाला लागेल इतके वाकून बसतात. गुजरीतला कारागीर बारीक डाग देताना श्वाससुद्धा रोखून धरतो, मान हलवणे तर दूरच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चपलेची वेणी घालणारी आणि आरीने टाके घालणारी माणसेही जमिनीवर बसून मांडीतल्या कामाकडे पाहत असतात. शिलाई मशीनवरची बाई, विळीवर भाजी चिरणारी गृहिणी, बाळाला पाजताना त्याच्याकडे वाकणारी आई, पुस्तक मांडीवर घेऊन अभ्यास करणारा विद्यार्थी, सगळ्यांच्या मानेचा कोन तोच. मोबाइलने एवढेच केले की कारागिराचा कोन सगळ्या घराला दिला, आणि कारागिराला काम संपल्यावर मिळणारी विश्रांतीही काढून घेतली.

मोबाइलविषयी एक आकडा सगळीकडे फिरतो: मान ६० अंश वाकवली की तिच्यावर २७ किलो भार येतो. हा आकडा न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावरच्या गणिती प्रतिकृतीतून काढला. भार वाढतो हे खरेच, पण तो आकडा जिवंत माणसांच्या माना मोजून काढलेला नाही. ऑस्ट्रेलियात १७ वर्षांच्या हजाराहून अधिक मुलामुलींची बसण्याची ढब तपासली गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मानेची ढब आणि मानदुखी यांचा थेट संबंध दिसला नाही. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा प्रौढ आणि वयस्कांत पुढे आलेली मान आणि मानदुखी यांचा संबंध आढळला, किशोरवयीनांत नाही. म्हणजे पोक काढून बसणाऱ्या प्रत्येक मुलाला आजार जडला, असे म्हणून घाबरवण्याची गरज नाही. मात्र तीच ढब वर्षानुवर्षे राहिली, स्नायू दुबळे राहिले आणि कामही तसेच असले, की त्रासाची शक्यता वाढते.

यात डोळ्यांचा भाग मोठा असतो आणि तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते. चष्मा टाळला जातो, खोलीत एकच दिवा असतो आणि त्याची सावली कामावर पडते. मग माणूस नकळत डोके पुढे नेतो. अशा कारागिराला मानेचा पट्टा देऊन उपयोग नाही. डोळे तपासून कामाच्या अंतराचा चष्मा आणि कामावर बाजूने पडणारा दिवा हाच त्याचा पहिला उपचार. उलट, संगणकावर काम करताना दुहेरी भिंगाच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करून मान पुढे काढणारेही पुष्कळ असतात. त्यांनी संगणकासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा.

वयात येणाऱ्या मुलींचे पोक हा आणखी वेगळा भाग. उंची झपाट्याने वाढते, शरीर बदलते, वर्गात सगळ्यांच्या नजरा लागतात, म्हणून मुलगी खांदे मिटून घेते. तिला दिवसातून दहा वेळा 'ताठ बस' म्हणण्यापेक्षा मैदानावर पाठवणे, पोहायला नेणे आणि नीट बसणारे कपडे घेऊन देणे जास्त उपयोगी पडते.

वशिंड: चरबी, आणि तिच्यामागचे औषध

मानेमागच्या मऊ गोळ्याला इंग्रजी वैद्यकात म्हशीच्या नावाने ओळखतात. पण आपल्या म्हशीला असे वशिंड नसते. ते नाव अमेरिकेतल्या बायसनवरून आले. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे दाजीपूरच्या जंगलातला गवा. गव्याच्या खांद्यावरच्या उंचवट्याला आतून मणक्यांच्या लांब हाडांचा आधार असतो. माणसाच्या या गोळ्यात असते ती निव्वळ चरबी.

वजन वाढलेल्या माणसात थोडी चरबी तिथेही साठते. तालमीत घुमलेल्या पैलवानाची मान आणि खांद्यांचे स्नायू भरलेले दिसतात, तोही आजार नव्हे. पण काही महिन्यांत गोळा वाढला, सोबत चेहरा गोल झाला, पोट सुटले आणि हातपाय मात्र बारीक झाले, पोटावर रुंद जांभळट रेषा उमटल्या, जरा लागले की काळेनिळे पडू लागले, उकिडवे बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येईना, रक्तदाब आणि साखर वाढली, पाळी अनियमित झाली, तर शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक किंवा त्याच्या जातीचे औषध जास्त झाल्याची ती लक्षणे असतात. अमेरिकेचे मेंदूशल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी १९१२ मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केले आणि १९३२ मध्ये या विकाराची सविस्तर मांडणी केली. त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीत किंवा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत गाठ झाल्याने हा विकार होतो, पण ते क्वचित. बहुतेक रुग्णांत कारण बाहेरून आलेले स्टेरॉइड असते. दमा, संधिवात, त्वचारोग, मूत्रपिंडाचे काही विकार यांवर डॉक्टर स्टेरॉइड देतात आणि तिथे ते जीव वाचवणारे औषध आहे. घोटाळा होतो तो जुन्या चिठ्ठीवर वर्षभर गोळी चालू ठेवल्याने, किंवा गुडघेदुखीवर 'जादूचा गुण' येणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांमुळे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दोन दिवसांत दुखणे गायब, भूक सपाटून, अंगात तरतरी, असा अनुभव देणाऱ्या पुडीविषयी संशय घ्यावा. व्यायामशाळांतून मिळणारी, स्नायू फुगवणारी स्टेरॉइडे वेगळ्या जातीची असतात. त्यांचे धोकेही वेगळे आणि गंभीर आहेत.

इथे सर्वांत महत्त्वाची सूचना अशी: संशय आला म्हणून स्टेरॉइड एकदम बंद करू नये. बाहेरून औषध मिळत राहिले की शरीराची स्वतःची ग्रंथी झोपी जाते. औषध अचानक थांबले तर उलट्या, प्रचंड थकवा, रक्तदाब कोसळणे आणि बेशुद्धी येऊ शकते, जिवावरही बेतू शकते. पुडी, गोळ्या, बाटली, जे असेल ते घेऊन डॉक्टरांकडे जावे. मात्रा हळूहळू कमी करतात. बाहेरचे औषध नसेल तर लघवी, लाळ किंवा रक्तातील कॉर्टिसॉलच्या तपासण्यांनी आतले कारण शोधतात. एचआयव्हीच्या काही जुन्या औषधांनीही मानेमागे चरबी साठते. तिथेही औषध आपल्या मनाने न थांबवता एआरटी केंद्रात दाखवावे.

मालिशने, तेलाने किंवा गरम शेकाने ही चरबी वितळत नाही. कारण दूर झाले की गोळा बहुधा कमी होतो, पण त्याला महिने लागतात.

कुबड: हाड बोलते तेव्हा

साठीच्या पुढच्या बाईला पाठीत एकदा उसण भरल्यासारखे झाले, पंधरा दिवसांत थांबले आणि वर्षभरात नऊवारीचा काठ जमिनीला लागू लागला, ही कथा पुष्कळ घरांत घडते. ती उसण नसते. ठिसूळ झालेला मणका पुढच्या बाजूने दबून मोडलेला असतो. घागर उचलताना, खोकताना, एसटीच्या मागच्या बाकावर आदळतानाही तो मोडू शकतो. असे सुमारे दोन तृतीयांश मोडणे डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा अधिक उंची घटली असेल तर पाठीचा एक्स-रे आणि हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. एक मणका मोडला की दुसरा मोडण्याचा धोका वाढतो. तो कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हा त्यांचा पाया असला तरी मोडलेल्या मणक्यानंतर तेवढ्यावर भागत नाही.

अशा रुग्णांनी कोणता व्यायाम करावा, याचे उत्तर १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने दिले. पाळी गेलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांना वेगवेगळे व्यायाम देण्यात आले होते. पाठ मागे ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांत मणक्यांचे मोडणे वाढले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के होते. अभ्यास लहान आहे, पण त्यातली सूचना आजही पाळली जाते. हाडे ठिसूळ असलेल्या माणसाने पायाची बोटे धरणारी आसने, उताणे झोपून धड वर उचलण्याचे पोटाचे व्यायाम आणि झटक्याने वाकून सूर्यनमस्कार टाळावेत.

तरुणांतही हाडाचे कुबड असते. वाढीच्या वयात काही मुलांचे पाठीचे मणके पाचरीसारखे होतात. डेन्मार्कच्या होल्गर शॉयरमान यांनी १९२० मध्ये त्याचे वर्णन केले. हे कुबड ताठ उभे राहूनही सरळ होत नाही, आणि 'मुद्दाम पोक काढतो' म्हणून मुलगा उगाच बोलणी खातो. विशी-तिशीतल्या तरुणाची पाठ पहाटे अर्धा तास किंवा जास्त आखडत असेल, हालचालीने मोकळी आणि विश्रांतीने वाईट होत असेल, तर तो मणक्यांचा संधिवात असू शकतो. तो वेळेत ओळखला तर कायमचा वाक टाळता येतो.

आणि क्षय. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १७७९ मध्ये मणक्याच्या या आजाराचे वर्णन केले, आणि जगातले सुमारे पाव क्षयरुग्ण असलेल्या भारतात तो अजून नित्याचा आहे. एकाच जागी टोकदार कुबड, रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन ही त्याची लक्षणे. खोकला असायलाच हवा असे नाही. सरकारी रुग्णालयांत क्षयाचे उपचार मोफत आहेत. उशीर झाला तर पायांतली ताकद जाते, आणि ती प्रत्येक वेळी परत येतेच असे नाही.

पोक सरळ करण्याचा मार्ग

वाक लवचिक असेल आणि वरचे धोके नसतील, तर पुढचे व्यायाम घरी करता येतात. साहित्य लागत नाही.

१. हनुवटी मागे सरकवणे: ताठ बसून नजर समोर ठेवा. मान खाली-वर न करता हनुवटी कपाटाच्या खणासारखी सरळ मागे ढकला. पाच सेकंद थांबा. दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा.

२. खांदे मागे-खाली: दोन्ही खांद्यांची पाती एकमेकांजवळ आणून खाली ओढा. पाच सेकंद, दहा वेळा. खांदे कानांकडे जाऊ देऊ नका.

३. दाराची चौकट: दोन्ही हात कोपरात वाकवून चौकटीला टेकवा आणि एक पाऊल पुढे टाका. छातीत ताण जाणवला की २० ते ३० सेकंद थांबा. तीन वेळा.

४. भिंतीशी हात: पाठ भिंतीला लावून, हात वाकवून भिंतीवरून वर-खाली सरकवा. दहा वेळा.

५. पालथे झोपून हात अंगालगत ठेवा आणि छाती जमिनीपासून चार बोटे उचला. नजर जमिनीकडेच. पाच सेकंद, आठ-दहा वेळा.

हातात मुंग्या, चक्कर किंवा दुखणे वाढले तर थांबावे. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. अपेक्षाही माफक असावी. सॅन फ्रान्सिस्कोत साठीच्या पुढच्या, पाठ वाकलेल्या माणसांकडून सहा महिने पाठीचे व्यायाम करून घेतले, तेव्हा एक्स-रेवर वाक सरासरी तीन अंशांनी कमी झाला. आकडा छोटा, पण वाढत जाणारा वाक उलट फिरला हे महत्त्वाचे.

दिवसातली पंधरा मिनिटे व्यायाम आणि दहा तास वाकून काम, हा हिशेब जुळत नाही. म्हणून काम वर आणावे. कारागिराने मांडीऐवजी चौरंगावर किंवा छातीपर्यंत येणाऱ्या टेबलावर काम घ्यावे आणि कोपरांना आधार द्यावा. लॅपटॉप पुस्तकांच्या चवडीवर ठेवून कीबोर्ड वेगळा घ्यावा. मोबाइल धरलेल्या हाताचे कोपर दुसऱ्या तळहातावर टेकवले की पडदा आपोआप डोळ्यांसमोर येतो. बाळाला उशीवर उचलून छातीशी आणावे, आपण त्याच्याकडे वाकू नये. आणि दर अर्ध्या तासाने उठावे. उत्तम ढबसुद्धा तासन्‌तास धरून ठेवली तर दुखतेच.

हे करू नका

दिवसभर खांदे मागे खेचणारा पट्टा लावून स्नायू बळकट होत नाहीत. थोडा वेळ आठवण म्हणून तो ठीक. केस कापल्यावर मान कडकन मोडून घेणे ही सवय तर सोडूनच द्यावी. झटक्याने मानेतली, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. पैलवानांचा डोक्यावर भार घेणारा पुलाचा व्यायाम त्यांना वस्तादाच्या नजरेखाली, वर्षांच्या सरावाने जमतो. तो पाहून घरी करायचा नसतो.

सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळू लागली, चालताना तोल जाऊ लागला, हातापायांत अशक्तपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर मज्जारज्जू दबत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कॅन्सर होऊन गेलेल्याला नवी पाठदुखी सुरू झाली, किंवा पडल्यानंतर उंचवटा आला, तरी थांबू नये.

सीपीआर असो वा गावचे ग्रामीण रुग्णालय, केसपेपर काढताना 'मान दुखते' एवढेच सांगू नका. उंचवटा कधीपासून आहे, किती महिन्यांत वाढला, उंची घटली का, वजन घटले की वाढले, ताप येतो का, हे सांगा. घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी सोबत न्या, बिनलेबलच्या पुडीसकट. दोन-तीन वर्षांपूर्वीचा, बाजूने काढलेला फोटो मोबाइलमध्ये असेल तर तोही दाखवा. डॉक्टरांना पोक, कुबड आणि वशिंड यांतला फरक ओळखायला एवढ्या माहितीचा मोठा आधार होतो.